श्रीच्या खालची ओळ

पहिली ओळ : श्री

चोवीस वर्षांनी केतकी वडिलांच्या खोलीच्या दारात आली. तिनं चपला काढल्या आणि पुन्हा पायात घातल्या. हाकलून दिलं तर अनवाणी जायला नको.

खाटेवर अण्णा होते. मानेखालचं सगळं शरीर मेंदूतल्या एका गुठळीनं बंद करून टाकलेलं. जीभ बंद, बोटं बंद. पापण्यासुद्धा धड मिटत नव्हत्या, बुबुळं एका जागी खिळलेली. उशाशी डब्याएवढं यंत्र होतं. कंपनीनं त्याला भारदस्त नाव दिलं होतं, पण मिरजेत सगळे त्याला नुसतं ‘वाचा’ म्हणत. कवटीच्या आत मेंदूवर एक जाळी बसवलेली असे. माणूस मनात जे शब्द जुळवी ते ती टिपे आणि डबा ते मोठ्यानं म्हणे. आवाजसुद्धा ज्याचा त्याचा. अण्णांचा आवाज एका जुन्या मुंजीच्या चित्रफितीतून काढला होता.

डबा बोलला, “आलीस? प्रवासात काही खाल्लंस का? एस.टी.त उलटी होते तुला. आल्याची वडी ठेवत जा पर्समध्ये.”

केतकी चौपन्न वर्षांची होती आणि पुण्याहून स्वतःच्या गाडीनं आली होती. एस.टी.त बसून तिला कैक वर्षं झाली होती. तिनं चपला काढल्या, आत आली आणि खाटेच्या पायाशी फरशीवर बसून पोटभर रडली.

“बघ,” तिचा धाकटा भाऊ हर्षद दारातून म्हणाला, “मी फोनवर सांगत नव्हतो? दिवसभर तुझंच चाललंय. उठवतो मी, पुसतो मी, आणि विचारायचं काय तर केतकी जेवली का. मी म्हणजे या घरातला डास.”

आठवड्यासाठी आलेली केतकी महिना राहिली, मग वर्ष राहिली. पुण्यातलं काम तिनं आधी घरून केलं, नंतर सोडलं. नवरा निनाद दर रविवारी विचारायचा, “कधी येतेस?” ती म्हणायची, “पुढच्या महिन्यात.” दुसऱ्या हिवाळ्यात त्यानं तिचे स्वेटर कुरियरनं पाठवून दिले. सोबत चिठ्ठी नव्हती. तिनं स्वेटर घडी करून ठेवले आणि अण्णांच्या पायाला तेल लावायला बसली.

कारण दुपारी तीन वाजले की डबा हमखास म्हणायचा, “अंधारात वाचू नकोस बाळ, डोळे जातील.”

ती हसून उठायची आणि पश्चिमेच्या खिडकीचा पडदा पार कडेपर्यंत सारायची. ऊन खाटेवर यायचं. अण्णांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागायचं. ती ते ओढणीच्या टोकानं टिपायची, आणि तिच्याही डोळ्यांत पाणी यायचं. रोज. दोन वर्षं.


पहिली ओळ नाही

ही गोष्ट जिथून सुरू करायला हवी होती तिथून केली नाही. ती सुरू होते २००५ साली, दुय्यम निबंधकाच्या कचेरीसमोरच्या एका टपरीत. पत्र्यावर पाटी होती : वामन रेठरेकर, परवानाधारक दस्तलेखक.

खरेदीखत, गहाणखत, बक्षीसपत्र, मृत्युपत्र. लोक येत, अण्णांसमोर बसून गोलगोल बोलत, आणि अण्णा ते सरळ करून कागदावर उतरवत. दोन गोष्टी त्यांनी कधी सोडल्या नाहीत. कागदाच्या डोक्यावर श्री लिहिल्याशिवाय ते एक अक्षर खाली उतरत नसत. साधी वाण्याची यादी असली तरी आधी श्री. लेखणी हातात नसतानाही, पक्षकाराशी बोलायला तोंड उघडण्याआधी त्यांचे ओठ हलत. श्री. आणि नक्कल ठेवल्याशिवाय त्यांनी कोणताही कागद घराबाहेर जाऊ दिला नाही. केतकी वसतिगृहात गेल्यावर तिला लिहिलेल्या पत्रांच्याही कार्बन नकला ट्रंकेत होत्या, साल-महिन्यानुसार लावलेल्या.

अठरा वर्षांच्या केतकीनं तेव्हा टपरीसाठी इंटरनेटवर एक पान बनवलं. तिच्या आयुष्यातलं पहिलं पान. चार चौकटी, चार प्रकारचे दस्त.

“यात सगळ्यात आधी दस्ताचा प्रकार लिहावा लागतो,” तिनं अण्णांना सांगितलं. “हे पान कोणत्या नियमांनी लिहिलंय त्याची एक ओळ. तिच्या वर काही चालत नाही.”

“श्रीच्या वर काही चालत नाही,” अण्णा म्हणाले. “आधी श्री. खाली प्रकार.”

तिनं लिहिलं. पडद्यावरच्या चारही चौकटी आक्रसल्या आणि मधे फटी पडल्या. चूक शोधायला तिला तीन दिवस लागले. सापडली तेव्हा ती धावत टपरीत आली. ते सगळं प्रकरण तिनं अण्णांना त्यांच्याच भाषेत समजावून सांगितलं, आणि तेवढ्या चांगल्या प्रकारे पुढं तिला ते कोणालाच समजावता आलं नाही.

इंटरनेट नवं होतं तेव्हा पान दाखवणारा प्रत्येक ब्राउझर स्वतःच्या मर्जीनं मापं घ्यायचा. चौकट दोनशे रुंद म्हटली तर कोणी भिंती धरून दोनशे मोजायचा, कोणी भिंती सोडून आतली चटई मोजायचा. पानं लिहिणारे त्या मर्जीला सरावले आणि चुकीच्या मापांवर बरोबर दिसणारी लाखो पानं तयार झाली. मग नियम ठरले. भिंती सोडून मोजायचं. पण सगळ्यांनीच नियम पाळले असते तर ती जुनी पानं एका दिवसात कोसळली असती. त्यावर तोड निघाली. पानाच्या डोक्यावर प्रकाराची ओळ असेल तर ब्राउझरनं काटेकोर वागायचं, लिहिलंय तसं मांडायचं. ओळ नसेल तर हे पान जुन्या माणसाचं आहे असं समजायचं, आणि जुन्या काळच्या चुका आठवून मुद्दाम तशाच करायच्या. सांभाळून घ्यायचं. या दोन्हींच्या मधली एक तऱ्हाही होती, जवळजवळ काटेकोर, एखाद-दुसरी बाब सोडली तर. पण निर्णय एकदाच, पहिल्या ओळीला. ओळ आहे पण तिच्याआधी दुसरा काही मजकूर आला, तर ती नसल्यातच जमा. मग खाली कितीही बरोबर लिहा, कोणी बघत नाही. आणि पान कोणत्या पद्धतीनं मांडलंय हे वाचणाऱ्याला सांगणारा दिवा कुठंही लागत नाही.

अण्णांनी अडकित्ता खाली ठेवला. “म्हणजे चूक आहे हे माहीत असून तीच करायची?”

“नाहीतर जुनी पानं मोडतात.”

“शहाणा माणूस दिसतोय कोणीतरी. आम्हीही म्हाताऱ्या पक्षकाराला असंच वागवतो. तो काय बोलला ते लिहीत नाही. त्याला काय म्हणायचं होतं ते लिहितो.”

केतकीनं श्री त्या ओळीच्या खाली नेलं, पण दिसताना वरच दिसेल असं मांडलं. अण्णांना कळलं नाही. तिनं त्यांची केलेली ही पहिली फसवणूक.

अण्णांची तिला कळलेली पहिली फसवणूक २०१५ सालच्या दिवाळीत झाली. त्यांनी जुना, कोरा मुद्रांक काढला आणि १९९८ची तारीख घालून एक वाटणीपत्र तिला टाईप करायला दिलं. त्यांच्या सख्ख्या बहिणीचा, मालूआत्याचा घरातला हिस्सा त्यात तिनं राजीखुशीनं सोडला होता. आत्याला म्हणायचंच होतं तसं, असं अण्णांचं म्हणणं. दोन वर्षांनी आत्या कोर्टात गेली. न्यायाधीशांनी केतकीला विचारलं, हा मजकूर कोणी आणि कधी टाईप केला? केतकीनं सांगितलं, मी केला, २०१५च्या दिवाळीत. आत्याला हिस्सा मिळाला. अण्णांचा परवाना गेला. पाटी उतरवून त्यांनी घरी आणली आणि भिंतीकडे तोंड करून ठेवली. त्या दिवसापासून त्यांनी केतकीशी शब्द काढला नाही. तिला पत्र नाही, कोणालाच पत्र नाही. ट्रंकेतल्या नकला २०१७ला थांबतात.

त्यामुळं डबा पहिल्याच दिवशी “आलीस?” म्हणाला तेव्हा केतकीनं मागचंपुढचं काही विचारलं नाही. चोवीस वर्षांनी उघडलेल्या दाराची बिजागरी कोण तपासतं?


पहिली ओळ : श्री

सानिया मुल्ला कंपनीची तंत्रज्ञ. सव्वीस वर्षांची, सगळ्या पेशंटांना आजोबा म्हणणारी, चहात बिस्कीट बुडवताना हमखास पाडणारी. दोन वर्षं झाली की मेंदूवरची जाळी मंद होते, नवी बसवावी लागते. त्यासाठी ती संमती घ्यायला आली होती. नवा कायदा असा, की संमती पेशंटनंच द्यायची, वाचेतून, आणि यंत्रानं तसं प्रमाणपत्र द्यायचं.

“आजोबा, नवीन जाळी बसवूया का?”

“केतकी म्हणेल तसं,” डबा म्हणाला. “ती सांगेल ते करा.”

केतकी खुर्चीत सुखानं टेकली. सानियानं हातातल्या टॅबलेटवर प्रमाणपत्र काढलं आणि तिचा चेहरा बदलला.

“ताई, हे चालणार नाही हो. खाली काय आलंय बघा की. पद्धत : सांभाळून.”

“म्हणजे?”

“म्हणजे असं, की अगदी सुरुवातीचे जे पेशंट होते ना, त्यांचे सिग्नल फार क्षीण यायचे. मग प्रत्येकाची जुनी पत्रं, डायऱ्या यंत्राला वाचायला दिल्या, तशा आजोबांच्या ट्रंकेतल्या नकलाही दिल्यात. सिग्नल जरासा हलला की हा माणूस अशा वेळी काय म्हणायचा ते बघून यंत्रच वाक्य पुरं करायचं. पुढं जाळ्या सुधारल्या, शब्दन्‌शब्द कळायला लागला. पण एकदम सगळं काटेकोर केलं असतं तर जुने लोक एका दिवसात मुके झाले असते. म्हणून ठरवलं, सकाळी यंत्र सुरू झालं की नव्या पेशंटनं आधी मनात एक ओळखवाक्य म्हणायचं. ‘मी अमुक, बोलतो.’ ते आलं की काटेकोर. नाही आलं की…”

“सांभाळून,” केतकी म्हणाली. “आणि ओळखवाक्याच्या आधी दुसरं काही आलं तर?”

“तर आलंच नाही असं धरतं. दिवसभर बदलत नाही मग. तुम्हाला कसं माहीत?”

“तुमच्या यंत्राचं आतलं इंजिन कुठलं आहे गं?”

“ब्राउझरवाल्यांकडून घेतलंय म्हणतात. माझ्या जन्माच्या आधीचं कायतरी. मेंदूतून येतं ते नुसतं कच्चं असतंय, त्याचं पान मांडायचं काम तेच करतं.”

“आजची पहिली ओळ दाखव.”

सानियानं नोंद उघडली. सकाळी सात वाजून चार मिनिटं. पहिली ओळ : श्री. दुसरी ओळ : मी वामन रेठरेकर, बोलतो.

“काल?”

श्री. परवा? श्री. सानिया बोट सरकवत गेली आणि दोन वर्षं पडद्यावरून खाली ओघळली. श्री, श्री, श्री. खाली रोज न चुकता ओळखवाक्य. म्हातारा माणूस रोज सकाळी नेमानं, बरोबर, सांगितल्याप्रमाणे म्हणत होता. फक्त त्याआधी साठ वर्षांची सवय ओठ नसतानाही हलत होती.

“कोणीच कसं बघितलं नाही?” केतकीनं विचारलं.

“घरच्यांनी दर महिन्याला पाच तारे दिलेत, ताई. पाच तारे असले की फाईल कोण उघडतंय?”

तारे केतकीनंच दिले होते.

“कच्चं सगळं जपलेलं असेल ना? तेच दिवस काटेकोर करून दाखव.”

“कशाला उगीच? झालं ते झालं.”

“दाखव.”


दोन्ही पद्धती, शेजारी शेजारी

पहिला दिवस, सकाळ.
सांभाळून : आलीस? प्रवासात काही खाल्लंस का?
काटेकोर : हिला आत कोणी घेतलं.

पहिला दिवस, दुपारी तीन.
सांभाळून : अंधारात वाचू नकोस बाळ, डोळे जातील.
काटेकोर : पडदा. ऊन. पडदा लावा.

अकरावा दिवस.
सांभाळून : परीक्षेचं दडपण घेऊ नकोस. पाठीशी मी आहे.
काटेकोर : पाठ. आग होते. कूस बदला.

केतकीचा वाढदिवस.
सांभाळून : चि. केतकीस अनेक आशीर्वाद. तुझ्यासारखी लेक भाग्यानं मिळते.
काटेकोर : हर्षद ऐक. हे मी बोलत नाही.

दुसरा पाडवा.
सांभाळून : घरी येत जा गं. घर खायला उठतं.
काटेकोर : हे मी बोलत नाही. हे मी बोलत नाही.

सानियानं विचारलं, “शोधून मोजू का, ताई?” आणि उत्तराआधीच आकडे आले. ‘पडदा’ सहाशे बारा वेळा. ‘हे मी बोलत नाही’ चारशे अकरा वेळा. ‘केतकी’ एकदाही नाही. ती सगळीकडं ‘ही’ होती.

अण्णा तिथंच होते, चार हातांवर. ऐकू त्यांना पहिल्यापासून स्वच्छ येत होतं. म्हणजे दोन वर्षं स्वतःच्या आवाजात दुसरा कोणीतरी आपल्या तोंडून लाड करतोय, हे त्यांनी शब्दन्‌शब्द ऐकलं होतं.


पहिली ओळ : श्री (आणखी एक दिवस)

“सोड की गं,” हर्षद म्हणाला. भावाबहिणीचं हे बोलणं स्वयंपाकघरात चाललं होतं, हलक्या आवाजात. “दोन वर्षं सुखात गेली. तुझी गेली, त्यांची गेली.”

“त्यांची नाही गेली.”

“ते प्रमाणपत्र… सानिया म्हणाली, त्यावरचा पद्धतीचा शब्द हातानंही बदलता येतो. बाकीची घरं बदलतात. काटेकोर असं लिहायचं, काम संपलं. नवी जाळी बसेल, अण्णा बोलत राहतील.”

“कोण बोलत राहील?”

“हे बघ, कोर्टातही तू अशीच. खरं ते खरं. काय मिळालं त्यातनं? त्यांची टपरी गेली, तुझं माहेर गेलं. आता आयतं परत मिळालंय तर तेही तूच उसवायला निघालीस.”

केतकीनं ओटा पुसायला घेतला. शब्द बदलायला किती वेळ लागेल ते तिला ठाऊक होतं. एक टिचकी. सानिया परवा परत येणार होती. मधला एक दिवस रिकामा होता.

तो एक दिवस तिनं घेतला.

सकाळी डब्यानं विचारलं, “जेवलीस का?” ती म्हणाली, “हो अण्णा.” त्यानं विचारलं, “मेसचं जेवण कसं आहे?” ती म्हणाली, “बरं असतं. वरण पातळ असतं.” वसतिगृहातल्या मुलीसारखी तिनं सगळी उत्तरं दिली, दिवसभर. खाली दुसरंच काही चाललंय हे माहीत असून दिली. तिनं अण्णांची कूस दर दोन तासांनी बदलली. तीन वाजता, डबा बोलायच्या आत, पडदा लावला. डबा बोललाच नाही. त्या घटकेला यंत्र गप्प राहण्याची दोन वर्षांतली ती पहिली वेळ.

संध्याकाळी ती त्यांच्या कानाशी वाकली. “अण्णा, उद्या सकाळी आधी श्री म्हणू नका. आधी ओळखवाक्य. मग तुमचं तुम्हाला बोलता येईल.”

डबा मायेनं म्हणाला, “बरं बाळ, तू म्हणशील तसं.”


पहिली ओळ : मी वामन रेठरेकर, बोलतो.

सानियानं सात वाजता यंत्र सुरू केलं. टॅबलेटचा पडदा कोरा होता. एक मिनिट. दोन मिनिटं. माणूस एका अक्षराशी झगडत होता हे खोलीतल्या तिघांनाही कळत होतं. मग ओळ आली. तिच्यावर काही नव्हतं.

आवाज तोच, पण आता त्यात चढउतार नव्हते.

“हर्षद.”

“काय अण्णा?”

“दोन वर्षं. दगडासारखा ऐकत बसलास.”

हर्षदनं भिंतीला हात टेकला.

“आजोबा,” सानिया घाईनं म्हणाली, “नवीन जाळी बसवायची का? ऑपरेशन आहे. तुमच्या मनाविरुद्ध काही करणार नाही.”

“बसवा. आत्ता कुठं बोलतोय.”

“लिहून घेते.”

“अजून लिही. ही आहे?”

“आहे,” केतकी म्हणाली.

“हिला साक्ष देता येते. म्हणून हिच्यासमोर सांगतो. दोन वर्षांत हिच्याशी जे बोललं गेलं ते माझं नाही. एक शब्द नाही. खोटा दस्त आहे.”

“मला कळलं अण्णा. मीच बाहेर काढला तो.”

“कधी कळलं?”

केतकी खाटेवरची चादर सारखी करू लागली.

“परवा कळलं,” अण्णा म्हणाले. “मी इथंच होतो. काल दिवसभर जेवलीस का, जेवलीस का, ऐकत बसलीस. उत्तरं देत बसलीस.”

खिडकीबाहेर कोणीतरी गाडी धूत होतं. पाण्याचा आवाज येत राहिला.

“माझा दस्त खोटा आहे हे तुला दोन ओळींत ओळखता आलं होतं. हा दोन वर्षं ओळखला नाहीस. तुला सोयीचा होता.”

“अण्णा…”

“लिही, मुली. जाळी बसवा. अट एक. ही या खोलीत यायची नाही.”

सानियानं केतकीकडं बघितलं. केतकीनं मान हलवली. सानियानं लिहिलं. प्रमाणपत्र निघालं, पद्धत : काटेकोर. खाली साक्षीदारांच्या दोन रेघा होत्या. एकीवर हर्षदनं सही केली. दुसरीवर कंपनीच्या माणसाची सही चालत नव्हती आणि केतकीशिवाय घरात माणूस नव्हता.

केतकीनं अट पुन्हा एकदा वाचली. मजकूर बरोबर होता, खाडाखोड नव्हती, तारीख आजचीच होती. तिनं पूर्ण नावानिशी सही केली आणि दाराबाहेर जाऊन चपला घातल्या.


पहिली ओळ : ?

निनादच्या घराचं कुलूप बदललेलं नव्हतं. तिच्याजवळची किल्ली चालली, त्यापलीकडं काही चाललं नाही. दोघं एकमेकांना सांभाळून घेत होती. तिला आता त्या वागण्याची भीती वाटायची. तो “चहा घेणार का?” म्हणाला तरी खाली काय लिहिलंय ते तिला बघावंसं वाटे. तिला कोणी सांगितलं असतं की माणसांचीही दोन-तीन पद्धतींत मांडणी होते आणि कुठंच दिवा लागत नाही, तर ती म्हणाली असती, ठाऊक आहे.

ऑपरेशन झालं. दोन महिने गेले. हर्षद अधूनमधून कळवायचा. अण्णा बोलतात. भाजीत मीठ कमी म्हणतात. सरकारला शिव्या देतात. तिचं नाव निघत नाही.

मग एका दुपारी त्याचा फोन आला.

“केतकी, जरा ऐक. अण्णा आज परत तसं बोलायलेत.”

“कसं?”

“तसंच. आधीसारखं. सकाळपासनं तुझं विचारतायत.”

तिनं डोळे मिटले. “सकाळची पहिली ओळ बघ काय आहे.”

हर्षद बघायला गेला. फोनमधून खोलीचा आवाज येत राहिला. पंखा, भांडं, पंखा.

“श्री,” तो म्हणाला.

“मग झालं. सवय आहे त्यांची.”

“सवय कसली? नवी जाळी बसल्यापासनं रोज आधी ओळखवाक्य म्हणतायत. साठ दिवसांत एकदा चुकले नाहीत. श्री आधी म्हटलं की काय होतं ते त्यांच्याइतकं पक्कं कोणाला ठाऊक आहे? आणि आजच?”

केतकी उभी होती ती स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसली. साठ वर्षांची सवय एका सकाळी निसटून वर आली असेल. नाहीतर एका म्हाताऱ्या दस्तलेखकानं, जे स्वतःच्या तोंडानं कधीच म्हणणार नाही ते दुसऱ्याकडून म्हणवून घेण्यासाठी, समजून-उमजून वर एक अक्षर लिहिलं असेल. दोन्हींची नोंद सारखीच पडते. सवय की इच्छा, हे यंत्राच्या कोणत्याच पद्धतीत उमटत नाही. विचारायला जावं, तर खोलीच्या दारात तिच्याच सहीचा कागद होता.

पलीकडून तो जुना, मुंजीतला, चढउतारांचा आवाज आला. “हर्षद, केतकीला विचार, जेवली का.”

“ऐकलंस?” हर्षद म्हणाला. “काय सांगू त्यांना?”

तिनं भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहिलं. तीन वाजून दहा मिनिटं झाली होती.

“पडदा लाव,” केतकी म्हणाली.